ओदालिसच्या पिशवीतला टीव्ही

पावाच्या रांगेत पुढे एवेलिओ दिसला आणि माझ्या जिभेला खाज सुटली. "नवा प्रयोग झकास हो! काल हसून हसून बायकोला ठसका लागला."

एवेलिओ आमच्या सिएनफुएगोस शहराचा विनोदी नट. त्याचा चेहरा आधी उतरला, मग तापला. प्रयोग इथल्या थिएटरात शनिवारी व्हायचा होता. त्याआधी हवानात झाला, तेव्हा कुणीतरी तो चोरून कॅमेऱ्यात टिपला आणि आमच्याकडे तो ओदालिसच्या पिशवीतून आला.

आमच्या गल्लीत टीव्ही त्या पिशवीतूनच येतो. मालिका, सिनेमे, बेसबॉल, सगळं आठवड्याला डिस्कवर भरून ओदालिस दारोदार विकत हिंडते. गुडघ्यांमुळे जिने चढत नाही. खालून हाक मारते, वरून दोरीला बांधलेली टोपली उतरते, टोपलीत पेनड्राइव्ह. माझ्या सासूचं हृदय नाजूक म्हणून ओदालिस खुनाचे भाग परस्पर गाळते. इन्स्पेक्टर एवढा हिंडतो कशाला, हे सासूला अजून कळलेलं नाही.

एवेलिओने तिला स्वतःच्याच घराखाली गाठलं, मी मागोमाग.

"चोरटे! माझी मेहनत विकतेस?"

"आवाज खाली. परवा कोरियन मालिका मागितलीत, तेव्हा त्या कोरियन लोकांना विचारलं होतं?"

"ते आहेत का माझ्यासारखे रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे? शनिवारी लोक आले नाहीत तर थिएटरवाला मला पुन्हा बोलावणार नाही!"

"मग हसवा ना जरा. घरी बघूनही लोक येतील."

"पोलिसांत देईन तुला!"

इतक्यात दोघांच्या मधोमध टोपली उतरली. वरून एवेलिओची बायको सोइला ओरडली, "ओदालिस, तुर्की मालिकेचे पुढचे भाग टाक गं! आणि त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस."

ओदालिसने भाग भरले, टोपली वर धाडली. एवेलिओ पचकन थुंकला आणि निघून गेला. ती पायरीवर बसली, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि त्याचं एकेक काम पुसायला लागली. नवा प्रयोग गेला. मग जुने, ज्यांच्यामुळे पोरंटोरं त्याला रस्त्यात ओळखायची, तेही.

"अगं, भांडण एकाच प्रयोगाचं होतं," मी म्हटलं.

"चोराच्या घरी त्याचा माल कशाला?"

"पण लोक विसरतील त्याला. शनिवारी थिएटरात जाणार कोण?"

डोकं वर न करता ती म्हणाली, "तू जा, तिकीट काढून."