आत्यांचं डायलिसिस घरी आलं तेव्हा

आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी त्यांना एक दिवसाआड आटपाडीहून मिरजेला डायलिसिसला न्यायचे. जाता-येता दोघींचा जीव मेटाकुटीला यायचा. नवऱ्याचं सोनं-चांदी गाळायचं दुकान तमिळनाडूत. घरात आम्ही दोघीच. त्यामुळे सरकारी विमा योजनेत आता घरी करायचं डायलिसिसही बसतं, औषधी पाण्याच्या पिशव्या घरपोच येतात आणि डॉक्टर फोनवरच बघतात, असं कळलं तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले.

मिरजेत मला शिकवलं. आत्यांच्या पोटात बसवलेल्या नळीतून आधीचं पाणी काढायचं आणि नवं सोडायचं, दिवसातून चार वेळा. जंतू आत जाऊ नयेत म्हणून दार-खिडक्या लावायच्या, पंखा बंद, तोंडाला मास्क. आटपाडीच्या उन्हाळ्यात त्या खोलीत अंगातून धारा लागायच्या. एक पिशवी उतरवली की स्वयंपाक, तो आवरतोय तोवर पुढची पिशवी. बाजारातही पळत जायचे, पळत यायचे. मिरजेच्या एसटीत निदान खिडकीबाहेर बघता यायचं, दवाखान्यात चार बायकांशी बोलता यायचं. त्या खोलीत बसून मला तोच प्रवास आठवायला लागला.

उंब्रजला माझ्या भावाला मुलगी झाली. बारशाला जाता आलं नाही. पुढे आईचा पाय मोडला, तेव्हाही नाही. फोनवर आईच म्हणाली, "तुझ्यामागं लय हाय बाई. नको येऊस." फोन ठेवला आणि मी हात धुवायला गेले. पिशवीची वेळ झाली होती.

त्याच आठवड्यात डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी सूज, वजन, रक्तदाब विचारला. "छान चाललंय," म्हणाले. तेवढ्यात आत्यांनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

"डाक्टर, समदं योजनेत बसवलं तुमी. हिची सुट्टी बसती का त्यात?"

डॉक्टर हसले. "तसं काही नाही, आजी. पण घरातलं दुसरं कुणी तयार असेल तर त्यालाही शिकवू."

आत्यांची नजर अधू, हात थरथरणारे. शेजारच्या बायका नळीला हात लावायला धजेनात. मग आत्यांनी मुलालाच फोन लावला.

"आई, मला न्हाई जमायचं. काय चुकलं म्हंजे?"

"आरं, सोनं गाळतोस न्हवं? मग आईच्या पोटातलं पाणी काढाय जमत न्हाई व्हय?"

तो आला. नर्स फोनवरून सांगत होती, मी मागे उभी होते, आणि तो पुन्हा पुन्हा हात धूत होता. पिशवी उतरवून बाहेर आला तो भिंतीला टेकून खालीच बसला.

"तू हे रोज करतीस?"

मी उतरवलेली पिशवी उचलून मोरीकडे गेले. बोलायला लागले असते तर थांबता आलं नसतं.

त्याचा हात बसल्यावर मी उंब्रजला गेले. आईला अंघोळ घातली, भाचीला मांडीवर घेतलं. तिथेही दुपारी मध्येच दचकायचे, काहीतरी राहिलंय असं वाटायचं.

दुकान फार दिवस बंद ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं. तो गेला त्या संध्याकाळी आत्या म्हणाल्या, "दिवाळीला येतु म्हणालाय. तवा परत जाऊन ये आईकडं."

दिवाळीला अजून बराच अवकाश होता.