तांबेकाकांची गोळी आणि देवीचा कौल

मेंदूच्या आजारावर संशोधन म्हटलं की लोक आधीच चेहरा पाडतात. मी मात्र सिल्व्हर पार्कमधल्या एका क्लिनिकमध्ये काही वर्षं कोऑर्डिनेटर होते, आणि तिथले किस्से असे साठलेत की एक काढला की दुसरा आपोआप बाहेर येतो!

मिसकॉल देण्याचा जमाना होता तो. आमची ट्रायल एका दुर्मिळ आजारावर होती. लहान मेंदू हळूहळू झिजतो आणि माणसाचा तोल जातो. बरं करणारं औषध नाहीच. आहे तेवढं टिकलं तरी खूप!

भाईंदर पूर्वेचे तांबेकाका आले ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना म्हणाले, "मला बाकी काही नको. पोरीच्या हळदीत नाचायचंय!" मूळचे रत्नागिरीचे, नाचाची भारी हौस. डॉक्टरांनी नुसता चष्मा पुसला. खात्री कोण देणार?

* * *

काकांची चाल बघून सोसायटीचे सेक्रेटरी एकदा म्हणाले, "काय तांबे, सकाळी सकाळीच?"

"छे हो! एकटाच बसलो असतो का? तुम्हाला हाक नसती मारली?"

तेव्हापासून सेक्रेटरी स्वतः त्यांना हात धरून रिक्षात बसवायचे.

* * *

स्मरणशक्तीची टेस्ट असायची. डॉक्टर तीन शब्द सांगणार, पेशंटने थोड्या वेळाने ते परत सांगायचे. सगळ्यांचे मार्क अचानक वाढले. डॉक्टर खूश!

मग शाहबेन आत आल्या. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "पेरू, कंदील, घोडा! जल्दी लिखो डॉक्टर, बाद में भूल जाऊंगी!"

बाहेर बाकावर काकांचा क्लास चालायचा.

* * *

ट्रायलमध्ये निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना साधी. कोणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. कळलं तर सगळं संशोधन वाया!

एकदा तांबेकाकी गावाहून परतल्या त्या पेढे घेऊनच. "देवीला कौल लावला. उजवा दिला! आमची गोळी खरी!"

डॉक्टर घाबरले. "काकी, कोणाला बोलू नका हं!" मग दार लोटून हळूच म्हणाले, "बाकीच्यांचंही विचारता येईल का हो?"

* * *

आणि हळदीचा दिवस उजाडला. आम्ही सगळे गेलो. काका दारातच ओळख करून देत होते, "ही आमची क्लिनिकची मंडळी!" डॉक्टर कोण, पेशंट कोण, ते काही सांगितलं नाही.

संध्याकाळी बेंजो सुरू झाला. काका उठले. एक हात काकींच्या खांद्यावर, दुसरा डॉक्टरांच्या. आणि नाचले! मागून शाहबेन, मग सगळा बाक. मुलगी हसत होती, रडत होती. माझंही तेच चाललं होतं. डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदाच नाचत असावेत.

चेणे गावाहून उष्टी हळद घेऊन आलेली नवरदेवाची आत्या माझ्याशेजारी उभी होती. बराच वेळ बघून ती माझ्या कानाशी आली.

"बाकी सगली बरी नाचतान गो. पन त्या चष्मेवाल्याचा आजार लय वाढलाय, न्हाय?"