कदंब एकच होता

शेजारच्या खिरोदामाहीच्या, म्हणजे खिरोदामावशीच्या, अंगणातल्या कदंबावर दोन बिऱ्हाडं होती. शेंड्यावर हरगिला, हा थोराड करकोचा, आणि खालच्या फांद्यांवर सोनेरी वानरं. दोन्ही जाती जगातून संपत चालल्यात, असं वनखात्याची माणसं सांगून गेली होती. माहीला त्यातली एक संपली तर हवंच होतं.

वानरं टेकडीवरच्या रानातून यायची आणि रस्त्यावर झुकलेल्या कदंबावरून आमच्या बागांत उतरायची. माही त्यांना ठाकूर, म्हणजे देव, म्हणायची, रोज केळी ठेवायची. हरगिल्याच्या वाट्याला नुसत्या शिव्या.

"मेला टकल्या! गळ्यात पिशवी लोंबतेय, अंगाला कुजक्या माशांचा वास. ठाकुरांशेजारी शोभतोस का?"

मी म्हणायचो, "माही, त्यालाही देवानंच घडवलंय."

"घडवलं असेल. बघून नाही घडवलं."

फाल्गुनात तिच्या मुलीला, रंजिलाला, बघायला पाहुणे आले. माहीने अंगणातच पान-तांबूल मांडलेली पितळेची शराई, उंच बैठकीचं तबक, पुढे केली, आणि वरून अर्धवट गिळलेला मासा थेट पानांवर पडला. मुलाची आई नाक दाबून उठली. "आधी हे झाड काढा, बाईदेउ. मग सोयरीक."

"हरगिल्याची पिल्लं उडेपर्यंत तरी थांब," मी माहीला म्हणालो.

"पिल्लं उडतील रे. माझी पोर घरात बसेल, त्याचं काय?"

पोरीला आधीही नकार आले होते.

माहीने झाड तोडून घेतलं. हरगिल्याची पिल्लं तिथेच मेली. माहीने अंगण स्वच्छ सारवून घेतलं.

दुसऱ्या सकाळी तिने सवयीने केळी ठेवली. वानरं रस्त्यापलीकडे येऊन थबकली, फांदीच नव्हती. पोटाशी पिल्लू धरलेली एक मादी विजेच्या तारा धरून निघाली. आवाज ऐकून आम्ही धावलो, तोवर दोघंही खाली पडली होती.

जावयासाठी स्वतः विणलेल्या गामोशात, लाल काठाच्या पंचात, माहीने त्या मायलेकरांना गुंडाळलं आणि बुंध्याशेजारी पुरलं. "एकाला ठेवायचं, एकाला घालवायचं, असं ठरवलं होतं मी," ती रडत म्हणाली. "झाड एकच आहे, हे डोक्यातच आलं नाही रे." मला तिचा राग आला होता, पण ते ऐकून माझेही डोळे भरले.

वैशाखात लग्न झालं. रंजिला सुखात आहे. वानरं आता येत नाहीत. हरगिला मात्र येतो, बुंध्यापाशी कितीतरी वेळ उभा राहतो. माही शिव्या देत नाही. केळ्यांच्या जागी मासे ठेवते. तो तोंड लावत नाही. आपल्याला बघून खात नसेल असं वाटून माही रोज थोडी लांब सरकून बसते.