मोकळ्या जागेत चपला काढणारे आबा

मोकळ्या जागेत चपला काढून आत शिरणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. जागेवर बाभळीची दोन झुडपं आणि कुणाची तरी बांधलेली शेळी, बाकी काही नाही. आबा एका ठरावीक ठिकाणी थांबायचे, चपला काढायचे, मान जराशी वाकवायचे, कारण तिथे व्हायच्या घराच्या नकाशात दार बुटकं होतं, आणि मग आत जायचे. मी एकदा सरळ शेळीच्या बाजूने चालत गेलो तर माझ्यावर डाफरले, "अहो शेठ, भिंतीतून काय येता? दार इकडे शे!"

धुळ्यात म्युनिसिपालिटीच्या कचेरीला लागून माझी लाकडाची वखार होती. आबा लहानसे कंत्राटदार. हाताखाली चार-पाच गवंडी आणि तेवढ्याच बिगारी बाया. कचेरीतलं काम आटोपलं की माझ्याकडे सागाच्या ओंडक्यावर येऊन बसायचे. त्यांना चहा मी उगाच पाजत नव्हतो. कुठे घर उठणार हे त्यांना आधी कळायचं, आणि घर उठणार तिथे माझ्या तुळया जाणार.

परवानग्या बघायला बाकीचे कंत्राटदारही येत. बांधकामाच्या परवानगीचा नवा कागद फळ्यावर लागला रे लागला की गुळाला मुंगळे लागावेत तसे चिकटत. दुपारपर्यंत त्या मालकाच्या दारात ही गर्दी! आबा फळ्याकडे ढुंकूनही बघत नसत. आत जाऊन कारकुनाला पान देत आणि जुन्या परवानग्यांचा गठ्ठा मागून घेत. परवानगी मिळाली पण घर काही उभं राहिलं नाही, अशा लोकांचा. परवानगी तेव्हा वर्षभर टिकायची. वर्षात जोतं निघालं नाही तर ती रद्द, पुन्हा पहिल्यापासून अर्ज करा.

"नव्या मालकाला गवंडी लागतो शेठ," आबा म्हणायचे, "जुन्याला आधी कुणी विचारणारं लागतं."

चलाख माणूस, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणायचो. पण थांबलेली घरं म्हणजे काय असतं ते बघा. कुणाचे भाऊ भांडले, कुणाच्या कपाशीने दगा दिला, कुणाची बायको बाळंतपणात गेली. अशा घरी आबा जात आणि दराची गोष्टच काढत नसत. "घर ते व्हई गयं, बांधानं तेवढं ऱ्हायनं," एवढंच म्हणत आणि मालकाला सहकुटुंब मोकळ्या जागेतून फिरवून आणत. ही ओसरी, हे माजघर, इथे पाण्याचा माठ. थोड्या वेळाने मालकीणबाई म्हणत, माठ तिकडे नको हो, कोपऱ्यात बरा. झालं! काम आबांचं.

जळगावला, अमळनेरलाही जायचे ते. परत आले की तिथल्या न बांधलेल्या घरांच्या गोष्टी सांगत. दुपारची वेळ, सागाचा वास, त्यांचा तो हळू आवाज. मला डुलकी लागायची आणि डुलकीत ती घरं दिसायची, दिवे लागलेली, अंगणात बाजा टाकलेल्या. जागा झालो की वाटायचं, अरे, मी कुणाकडे जाऊन आलो? माझं डोकं धंद्याचं, पण आबांजवळ बसलं की ते असं भरकटायचं.

लढाईच्या दिवसांत त्यांना सुपडूची परवानगी सापडली. सुपडू कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनवर कामाला होता. पांझरेच्या बाजूच्या गल्लीत त्याने जागा घेतली, परवानगी काढली, पैसे आईपाशी ठेवले आणि लष्करात मोटार चालवायला गेला तो थेट ब्रह्मदेशात. आईला आम्ही अक्का म्हणत असू. एकटी बाई, भाड्याची खोली. मुलाचं पत्र यायचं बंद झालं होतं. परवानगीचं वर्ष सरत आलं होतं आणि या वेळी नुसता नवा अर्ज करून भागणार नव्हतं. ती गल्ली रुंद करायचं ठरलं होतं. नव्या परवानगीत निम्मी जागा रस्त्याला जाणार. उरलेल्यात घर कसलं, कोंबड्यांचं खुराडं झालं असतं.

पण अक्का ऐकेना. पहिला दगड पोरगाच ठेवील म्हणे. त्याच्या माघारी घर बांधलं तर तो येत नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, अशी तिची भीती. आबा दोनदा जाऊन हात हलवत परत आले. मी म्हणालो, "आबा, सोडा हा नाद." तर तिसऱ्या खेपेला मलाच बरोबर घेतलं. अक्काला म्हणाले, "बांधू नका. नुसतं बघायला तर चला."

उन्हं उतरली होती. आबांनी चपला काढल्या, अक्कानेही काढल्या. "पायऱ्या तीन शेत अक्का, उंच. सांभाळून. पांझरा फुगली तरी पाणी घरात यायला नको." अहो, त्या बाईने लुगडं उचलून धरलं आणि सपाट मातीत तीन पायऱ्या चढली! मला हसू यायला हवं होतं, पण मीही चपला काढून तिच्यामागे चढलो.

"सुपडूनी खोली कोनती?" तिने विचारलं.

आबांनी दाखवली. अक्का तिथे मातीत बसली. बराच वेळ हाताने जमीन सारखी करत राहिली. मग म्हणाली, "सकायनं ऊन पोऱ्याना तोंडवर पडी. खिडकी जराशी तिकडे ल्या."

दुसऱ्या दिवशी पाया खणायला घेतला. मुदतीच्या आत जोतं निघालं, काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या बसल्या. भिंती वर आल्या. चांगला साग सगळा सरकार लढाईसाठी उचलत होतं, तरी दाराची चौकट मी राखून ठेवलेल्या लाकडाची दिली.

छपराचं काम चालू असताना साक्रीकडचा एक शिपाई रजेवर आला आणि अक्काला शोधत पोचला. सुपडू जिवंत आहे. पुण्याला लष्कराच्या इस्पितळात आहे. एक पाय मांडीपासून गेला. 'जिवंत' या शब्दावर अक्का हसत उठली होती. पुढचं ऐकून पुन्हा खाली बसली.

सकाळी गल्लीतून घणाचे आवाज. जाऊन बघतो तर आबा स्वतःच्या हाताने पायऱ्या फोडताहेत.

"आबा, नकाशात पायऱ्या आहेत!"

"नकाशा काढा तवय पोऱ्याले दोन पाय व्हतात," आबा म्हणाले आणि घण पुन्हा उचलला.

पायऱ्यांच्या जागी त्यांनी लांबलचक उतार बांधला. नकाशापासून बोटभर न हलणारा माणूस, पण उतार पार गल्लीत आला. मी घाबरलो, तक्रार झाली तर परवानगीच जायची. म्युनिसिपालिटीचे ओव्हरसिअर आलेच, टेप घेऊन. आबा म्हणाले, "साहेब, एक पाय उचला. आता या वर." तरुण होते बिचारे, ऐकलं त्यांनी. लंगडी घालत अर्ध्या उतारापर्यंत गेले, भिंतीला हात टेकून क्षणभर थांबले आणि टेप खिशात टाकून निघून गेले.

आबा त्यानंतर फार जगले नाहीत. स्वातंत्र्याचा दिवस काही त्यांनी पाहिला नाही. मला त्यांची फार आठवण येते, आणि येते ती सुपडू आला त्या दुपारची.

टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबला. सुपडू कुबड्या घेऊन उतरला, वाळून काटकी झालेला. अक्का हात पसरून दारातून धावली तर आबांनी तिला अडवलं.

"थांबा अक्का. मालक शे तो. त्याचा त्याला येऊ द्या."

अक्का रडत थांबली. सुपडू एकेक कुबडी टेकत वर येऊ लागला. मध्येच एक कुबडी सरकली, मी पुढे झालो, आबांनी नुसतं डोळ्यांनी मला जागेवर खिळवलं. तो आला. चौकटीला धरून उभा राहिला, धापा टाकत. मागे वळून उताराकडे पाहत राहिला.

"माय," तो म्हणाला, "नकाशामा दारपुढे तीन पायऱ्या व्हत्यात ना?"

अक्काने पदराने त्याचं तोंड पुसलं. "माले काय माहीत बापा, माले नकाशा वाचता येस का? चाल, घरमा चाल."