मुखलेसचाचाच्या भिंतीवरचा खिळा

आमच्या नेत्रकोनाच्या बाजारात मुखलेसचाचाचं औषधांचं दुकान होतं. भिंतीवर विलायती कंपनीचं घड्याळ होतं. अशक्त बायांच्या गळ्यात त्या कंपनीचं टॉनिक मारायचं, त्याचं ते बक्षीस. पुढे ढाक्यात आपलं राज्य आलं, सरकारनं ती टॉनिकं बिनकामाची म्हणून बंद केली. चाचानं घड्याळ उतरवलं, जुम्म्याला मशिदीत जिलब्या वाटल्या.

"गेली ब्याद! बायांनो, आता छोटी मासळी खा, पालेभाजी खा."

काही वर्षांनी ढाक्याच्या कंपनीचा माणूस नव्या नावाचं टॉनिक घेऊन आला.

"यात काय आहे रे?"

"तेच, चाचा. पण आता कारखाना आपला आहे!"

"आणि बायांचं रक्त कुणाचं?" चाचा कडाडला.

त्या माणसानं पिशवीतून नवं घड्याळ काढलं. चाचानं ते न्याहाळलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"लाव तिथंच. खिळा अजून पक्का आहे."