तुमची पाककृती मिळाली

आजवर मी चार की-बोर्ड फोडले आहेत. एक माऊस भिंतीवर मारून त्याचे तुकडे केले आहेत आणि ऑफिसातल्या प्रिंटरला घातलेल्या लाथेचा पोचा अजून दिसतो. कॉम्प्युटरवाले शांत स्वभावाचे असतात म्हणे. असतील बापडे. मला माझ्या बापाचा हात मिळाला आहे, आणि तो हात कशावर तरी पडल्याशिवाय राहत नाही. माणसावर मात्र उचलायचा नाही, एवढं एक व्रत मी पाळत आलो. मागच्या वर्षी ते एकदा मोडता मोडता राहिलं.

अंधेरीच्या एमआयडीसीत, एका गाळ्याच्या चौथ्या मजल्यावर बसून मी वेबसाइट बनवतो. क्लासवाले, केटरर, छोटे कारखानदार अशी गिऱ्हाइकं. त्यातल्या त्यात माझा हातखंडा फॉर्मचा. बटण दाबलं की पान जागेवरून हलत नाही, भरलेला मजकूर मागच्या मागे सर्व्हरकडे जातो आणि पानावर एक ओळ उमटते, ‘मिळालं’. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका खिडकीतून दोरीने टोपली खाली सोडतात ना भाजीसाठी, तसंच हे. फरक इतकाच की टोपली वर आली की तिच्यात भाजी आहे की नाही ते दिसतं. इथे ते बघायचं काम फॉर्म लिहिणाऱ्याचं.

जोगेश्वरीला पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत एक संस्था चालते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांसाठी. चालवणाऱ्या ताई म्हणजे साठी ओलांडलेल्या नर्स, आवाज असा की खाली गिरणी चालू असली तरी रस्त्यावर ऐकू यावा. त्यांना एक पान हवं होतं. दिसायला पाककृतींचं. फोडणीची वांगी, कुळथाची पिठी, असलं काहीबाही. तळाशी एक चौकट, ‘तुमची पाककृती कळवा’. बाईने त्या चौकटीत काय चाललंय ते लिहायचं, पत्ता आणि नवरा कधी घरी नसतो ती वेळ लिहायची. पाठवलं की चौकट रिकामी व्हायची, म्हणजे फोन नवऱ्याच्या हातात गेला तरी त्यात वांगीच दिसली पाहिजेत. उलट फोन करायचा नाही, मेसेज करायचा नाही. आरोग्य तपासणीच्या नावाने संस्थेच्या दोन जणी घरी जाणार. वस्त्यांतून फिरून ताई बायकांना एकच गोष्ट घोकवायच्या, ‘हिरवी ओळ आली की चोवीस तासांत आम्ही दारात.’

ती हिरवी ओळ मी लिहिलेली. ‘तुमची पाककृती मिळाली. लवकरच करून बघू.’

ताईंना पान पहिल्यांदा दाखवलं तेव्हा सर्व्हर मंद होता. बटण दाबल्यावर ओळ यायला पाच-सहा सेकंद लागले. ताई उखडल्या. “एवढा वेळ तिने फोन धरून बसायचं? मागून तो आला तर?” त्यांचं बरोबर होतं. मी तिथल्या तिथे एक पळवाट काढली. सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता, बटण दाबताक्षणी हिरवी ओळ दाखवायची आणि चौकट रिकामी करायची. मजकूर काय, पोचेलच मागाहून. ताई खूश. नंतर नीट करू, असं मी स्वतःला म्हणालो, आणि विसरलो. आमच्या धंद्यातलं ‘नंतर’ कधी येत नाही हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे. तरी म्हणालो.

एका सकाळी ताईंचा फोन आला. “आत्ताच्या आत्ता ये.” एवढंच, आणि फोन ठेवला.

रिक्षाने गेलो. आतल्या खोलीत बाकावर एक बाई बसली होती, तिशीची असेल. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. एक डोळा सुजून बंद झालेला, खालचा ओठ शिवलेला. ताई म्हणाल्या, “हिने आपल्याला दोनदा पाठवलं. सोमवारी आणि मंगळवारी. आपल्याकडे काही आलं नाही. बुधवारी रात्री त्याने कुकरने मारलं. हाताचं हाड दोन जागी मोडलंय.”

मी लॅपटॉप उघडला. चौकटीत ‘टेस्ट टेस्ट’ लिहिलं, बटण दाबलं. ताईंच्या यादीत ‘टेस्ट टेस्ट’ येऊन पडलं. “चालतोय की,” मी म्हणालो. कोणाचा हात मोडला असताना आपलं काम धड आहे हे कळून मला आधी बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. वर म्हणालो, “हिने भरायला काहीतरी चूक केली असेल.”

ताईंनी माझ्या कानाखाली वाजवली. चांगली सणसणीत, नर्सच्या हाताची.

माझा हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला. ताई जागच्या हलल्या नाहीत. पण बाकावरची ती बाई भिंतीला चिकटली आणि तिने प्लास्टरचा हात डोक्यावर धरला. तिला मी मारणारच नव्हतो, तिच्याकडे बघतही नव्हतो. तरीही तिचा हात माझ्या हाताच्या आधी वर पोचला होता. इतकी सवय.

मी हात खाली घेतला आणि खालीच फरशीवर बसलो. मग ती बाकावरची बाईच म्हणाली, “दादा, मी नीट भरला होता. हिरवं आलं होतं. मग आलं कशाला?”

“कसा भरलात ते सांगाल?” मी विचारलं. हा प्रश्न मी खोलीत शिरल्या शिरल्या विचारायला हवा होता.

तिने सांगितलं. सकाळी दूध तापत होतं तेव्हा पान उघडलं. दोन ओळी लिहिल्या. सासू आली, फोन तांदळाच्या डब्यात. तो कामावर गेल्यावर आणखी दोन. पाणी आलं, ते भरलं. मग शेजारीण. दुपारी सासू झोपल्यावर संडासात बसून पत्ता लिहिला. चारच्या सुमाराला बटण दाबलं. “एका बैठकीत कोण लिहिणार, दादा? आमच्याकडं एका बैठकीत जेवायला तरी मिळतं का?”

ऐकता ऐकता मी तास मोजत होतो.

कुठलंही पान उघडलं की सर्व्हर त्याला एक गुपचूप पास देतो. मजकूर परत आला की तो पास तपासायचा, म्हणजे भलत्याच कोणी घुसवलेला मजकूर आत येत नाही. तो पास दोन तास चालतो. मी फॉर्म तपासतो तेव्हा अर्ध्या मिनिटात भरतो. ताईंनी तपासला तोही तसाच. दिवसभर चोरून, डब्यात लपवत, तुकड्या-तुकड्यांनी फॉर्म भरणारं माणूस माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि फॉर्म केला होता तो फक्त तसल्याच माणसांसाठी.

सर्व्हरवरची नोंद उघडली. सोमवार, दुपारी चारच्या पुढे. पास संपलेला, मजकूर नाकारला. मंगळवार, तेच. सर्व्हरने बिचाऱ्याने दोन्ही वेळा स्पष्ट ‘नाही’ म्हटलं होतं. ते ऐकायला पानावर कोणी नव्हतं. मी आधीच हिरवं दाखवून चौकट पुसून टाकलेली.

मी खाली सरकत गेलो. मागच्या आठवड्यात अशीच नोंद. त्याच्या आधीच्या आठवड्यात दोन. नाकारलेल्या मजकुराची फक्त वेळ राहते, मजकूर राहत नाही. सकाळी अकरा. दुपारी साडेतीन. कोण, कुठली, काय लिहिलं होतं, आता जिवंत आहे का, काहीच कळायला मार्ग नव्हता. ताई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांना सगळं कळलं. त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी तिथली लोखंडी खुर्ची भिंतीवर आपटली.

“मार तर रोजचाच होता,” ती बाई म्हणाली. माझ्याशी नाही, प्लास्टरशी बोलल्यासारखी. “तुम्ही येणार म्हणून बुधवारी मी पहिल्यांदा उलट बोलले. म्हटलं, आता हात लावून बघ. म्हणून कुकर घेतला त्याने.”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. जसंच्या तसं.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायचो, दहा बाय बाराच्या खोलीत. बाप आधी कापडगिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात वॉचमन झाला आणि घरात आईवर हात साफ करू लागला. मी दहा वर्षांचा असताना आईने गावी तिच्या भावाला, तिच्या दादाला, पत्र लिहिलं, निळ्या आंतरदेशीयवर. चार दिवस लिहीत होती. दोन ओळी लिहायची आणि पिठाच्या डब्याखाली ठेवायची. पाचव्या दिवशी चिकटवून माझ्या हातात दिलं. “पेटीत टाकून ये. कोणाक दाखव नको.” पेटीशेजारच्या पानाच्या गादीवर बाप उभा होता. त्याने मला पाहिलं आणि हाक मारली. मी उलटा पळालो आणि पत्र फाडून गटारात टाकलं. घरी आलो तेव्हा आई दारात होती. “टाकलंस?”

“टाकलंय,” मी म्हणालो.

दोन आठवडे आई चढणीकडे डोळे लावून होती. मग एका संध्याकाळी बापाने हात उगारला तेव्हा ती पहिल्यांदा ताठ उभी राहिली. “माजो भाव येतलो. आता हात लावून बघ.” बापाने पितळी तांब्या उचलून तिच्या डाव्या कानावर हाणला. कानातून रक्त आलं. त्या कानाने तिला पुन्हा ऐकू आलं नाही. मी कोपऱ्यात दप्तर पोटाशी धरून बसलो होतो, आणि तरीही काही बोललो नाही.

तिचा भाऊ, माझा मामा, आलाच नाही. येणार कसा? दुसऱ्या वर्षी गणपतीला आला तर आईने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. नंतर तो यायचा थांबला. तीन वर्षांपूर्वी तो वारला तेव्हा आई गावी गेली नाही. म्हणाली, मी बोलावलं तेव्हा तो आला नाही, आता मी कशाला जाऊ.

त्या दुपारी मी गिरणीवरच्या खोलीत बसून फॉर्म पुन्हा लिहिला. पास कितीही जुना असो, मजकूर आधी ठेवून घ्यायचा. सर्व्हरचा होकार आल्याशिवाय हिरवी ओळ नाही. नकार आला तर चौकट पुसायची नाही, मजकूर पुन्हा पाठवायचा. सर्व्हरही बदलला. तीन तासांचं काम होतं. तीन तास मी वर्षभर काढले नव्हते.

तपासायला मी ताईंना म्हटलं, ‘टेस्ट टेस्ट’ नको. त्या बाईने स्वतःहून फोन मागितला. डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, मध्ये चहा घेत, मध्ये भिंतीला टेकून डोळे मिटत ती तीन तास लिहीत होती. दिवेलागणीला तिने बटण दाबलं. दोन सेकंद काहीच झालं नाही. मग ओळ हिरवी झाली. तिने त्या ओळीकडे पाहिलं आणि फोन माझ्याकडे वळवून विचारलं, “खरं?” ताईंच्या यादीत तिचा मजकूर आला होता. सोमवारचाच तिने पुन्हा लिहिला होता. पत्ता, आणि शेवटी, ‘अकरा ते चार या. मी बॅग भरून ठेवते.’

“खरं,” मी म्हणालो.

तिथून मेट्रोने घाटकोपरला गेलो. बाप जाऊन बारा वर्षं झाली, आई अजून त्याच खोलीत राहते, एकटी, माझ्याकडे यायला तयार नाही. ती चटईवर बसून सुकट निवडत होती. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो. मुद्दामच बसलो असेन. आणि सांगितलं. पेटी, गटार, सगळं. ती निवडत राहिली. झालं, सांगून टाकलं, असं मला क्षणभर वाटलं. उत्तर न घेता.

मग माझीच मला शिसारी आली. उठलो, तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मोठ्याने.

तिचे हात थांबले. मी वाट बघत राहिलो. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं, आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून गाल पुढे केला असता. तिने हातातली सुकट सुपात ठेवली, पदराला बोटं पुसली.

“म्हणजे दादाक कळलाच नाय,” ती म्हणाली.