बेसिलचं गाणं शेवटपर्यंत ऐकायचं म्हणून

मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते आणि माझी नात मुक्ता टाइप करते. त्यामुळे यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तिच्या आणि बाकीच्या सगळ्या माझ्या.

मुक्ता पुण्याला कॉलेजात असते. दिवाळीच्या सुट्टीत ती भुसावळला आली होती. मी गॅसवर भरताची वांगी भाजत होते आणि ती बाहेरच्या खोलीत मोबाईलवर काहीतरी ढणढण लावून बसली होती. एरवी मी "बारीक कर गं" म्हणून ओरडते. त्या दिवशी वांगं तसंच टाकून बाहेर गेले.

"हा तर आमचा बेसिल," मी म्हटलं.

"आजी! तुला बेसिल कसा माहीत?"

"तुझ्या बापाच्या जन्माआधीपासून माहीत आहे. आवाज वाढव."

मुक्ता म्हणाली, याला फंक म्हणतात, आणि ती नि तिच्या मैत्रिणी यावर वेड्या आहेत. कलकत्त्याच्या काही रसिकांनी बेसिल आणि त्याच्या 'लेव्हल क्रॉसिंग' बँडच्या जुन्या रेकॉर्डी भंगारातून शोधून काढल्या आणि इंटरनेटवर टाकल्या. मी म्हटलं, टाकू देत. मी त्या रेकॉर्डी निघायच्या आधी ऐकल्यात, फुकटात, मोरीत बसून.

पन्नास वर्षांपूर्वी मुक्ताचे आजोबा रेल्वेत कारकून होते आणि आम्ही कलकत्त्यात गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आमच्या मोरीच्या खिडकीसमोरच एका हॉलची मागची भिंत होती. बेसिल दिवसा जहाजांच्या कामावर फिटर असायचा आणि संध्याकाळी त्या हॉलमध्ये त्याच्या बँडची तालीम चालायची. फंकमध्ये सगळा भार पहिल्या ठोक्यावर असतो, असं मुक्ता मला समजावून सांगते. मला सांगते! भजनात सम असते तसंच ते, फक्त इथं समेवर सगळे मिळून उडी मारतात. कोणी एक मागे राहिला की बेसिल ओरडायचा, "वन! व्हेअर इज द वन?" माझं इंग्रजी तिथं सुरू झालं आणि तिथंच संपलं. त्या तालावर मी चादरी आपटल्या, कणीक मळली. मुक्ताचा बाप त्याच तालावर पोटात लाथा मारायचा.

त्यातलं एक गाणं मला फार आवडायचं. त्याचं इंग्रजी नाव मला म्हणता येत नाही. त्यात मध्येच हुगळीतल्या लाँचच्या भोंग्यासारखा कर्णा वाजायचा, म्हणून मी त्याला लाँचचं गाणं म्हणायची. पण तालमीत ते कधीच पुरं झालं नाही. भोंगा वाजला की पुढे कोणीतरी चुकायचं, बेसिल थांबवायचा, पुन्हा पहिल्यापासून. खरा कार्यक्रम शनिवारी पार्क स्ट्रीटच्या बड्या हॉटेलात व्हायचा, तिथं आमच्यासारख्यांचं काय काम? मग बदली झाली. आता मुक्ताने रेकॉर्ड लावली, तर त्यातही ते संपत नाही. आवाज नुसता बारीक बारीक होत जातो, गाडी लांब गेल्यासारखा. म्हणजे हे गाणं संपतं कसं, ते मला अजून ठाऊक नव्हतं.

"आजी, जानेवारीत रसिकांचा मेळावा आहे. बेसिल स्वतः गाणार आहे. त्याच हॉलमध्ये," मुक्ता म्हणाली.

"तिकीट काढ," मी म्हटलं. वांगं तोवर जळून कोळसा झालं होतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. भुसावळहून हावड्याला थेट गाड्या आहेत, रात्र गाडीत जाते. थंडीत गर्दी असते, तेव्हा तिकीट बरंच आधी काढा आणि म्हातारं माणूस असेल तर खालचा बर्थ मिळतोय का बघा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. समोर एक बंगाली गृहस्थ बसले होते. थंडी नावालाही नव्हती, तरी माकडटोपी घालून.

"तीर्थयात्रा, माशीमा?" त्यांनी विचारलं. माशीमा म्हणजे मावशी.

"नाही, गाना सुनने."

"कीर्तन?"

"फंक," मी म्हटलं. ते टोपी काढून माझ्याकडे बघत राहिले.

हावड्याला उतरल्यावर लगेच टॅक्सीत बसू नका. समोरच्या घाटावरून लाँचने बाबूघाटला या. भाडं अगदी किरकोळ आणि हावडा पूल पाण्यावरून बघायला मिळतो. लाँचने भोंगा दिला तेव्हा मी मुक्ताला कोपर मारलं, पण ती फोटो काढण्यात गुंतली होती. तिथून पिवळी टॅक्सी करून बेहाल्याला माझ्या भाच्याकडे गेलो. दिलीप बँकेत अधिकारी आहे, बदलीवर तिथं आलाय.

"मावशी, उद्या कालीघाट, परवा दक्षिणेश्वर," त्याने यादीच काढली.

"देव कुठं पळून जातोय? बेसिल ऐंशीच्या पुढं आहे. आधी तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या दुकानात गरम कचोऱ्या आणि बटाट्याची रस्साभाजी खाल्ली. पोटभर खाऊनही स्वस्त, पण नऊनंतर संपतं. दुपारी बेहाल्याहून मेट्रोने तारातला स्टेशन आणि तिथून ऑटो. ऑटोवाला चार माणसं भरल्याशिवाय हलत नाही, सुट्टे पैसे मात्र पहिले मागतो.

आमचं क्वार्टर अजून आहे, रंग तेवढा बदललाय. मी मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले, तर आतून एक बाई डोकावल्या. "क्या चाहिए?"

"कुछ नहीं. आपकी मोरी की खिडकी देख रही हूँ."

त्यांनी खिडकी लावून घेतली. मीही लावली असती.

हॉलच्या दारात तपनदा भेटले. साठीचे, जाड चष्मा, झब्ब्यावर शाल. भंगारातून रेकॉर्डी उचलणारे ते हेच. बाहेर चहा पिता पिता तिथंही लाँचच्या गाण्याचाच वाद चालला होता. तपनदांचं म्हणणं, प्रत्यक्षात ते गाणं पहिल्या ठोक्यावर धाडकन बंद व्हायचं. दुसरे एक गृहस्थ म्हणत, नाही, शेवटी एकटा ड्रम राहायचा. दोघंही इरेला पेटले होते. मुक्ताने विचारलं तेव्हा कळलं की त्या काळी दोघंही शाळकरी होते आणि दोघांनीही प्रत्यक्ष काही ऐकलेलं नव्हतं.

जुन्या बँडपैकी बेसिल एकटाच उरलाय. साथीला सहा तरुण मुलं होती. कोणी बंगळूरुला नोकरीत, कोणी हैदराबादला. सुट्ट्या काढून, रेकॉर्डी ऐकून ऐकून त्यांनी सगळं बसवलं होतं. कर्णा वाजवणारी तर मुलगी होती, चष्मेवाली, ओठ सुजलेले. मी तिला म्हटलं, तूप लाव.

आणि मग सुरू झाला सत्कार.

बंगाली लोकांना मी नावं ठेवणार नाही, कारण या बाबतीत आपण त्यांचेच भाऊ आहोत. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. बेसिलला खुर्चीत बसवून चंदनाचा टिळा लावला, गळ्यात उत्तरीय घातलं. मग रसिक मंडळाचं उत्तरीय, मग पाड्यातल्या म्हणजे मोहल्ल्यातल्या क्लबाचं, मग जहाजवाल्या जुन्या सोबत्यांचं. पुष्पगुच्छ. मानचिन्ह. प्रत्येकाचे दोन शब्द. तो माणूस तेव्हा कसा होता ते तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत खुर्चीतला माणूस पेंगायला लागला. मुलं मागे वाद्यं घेऊन उभी होती. बेस गिटारवाला एका पायावरून दुसऱ्या पायावर.

मी मुक्ताच्या कानात म्हटलं, "हे गाणार कधी?"

तेवढ्यात तपनदा माइकवर म्हणाले, "आमच्यात एक माशीमा आल्या आहेत, महाराष्ट्रातून. लेव्हल क्रॉसिंगच्या सगळ्यात जुन्या श्रोत्या. माशीमा, बस दो मिनट."

आता मी रिकाम्या हाताने थोडीच गेले होते? पिशवीत शाल होती, नारळ होता आणि निरांजन होतं. सत्काराला जायचं आणि ओवाळायचं नाही, असं आपल्यात होतं का? वात पेटायला वेळ लागला, पंखा बंद करायला माणूस धावला. मी बेसिलला ओवाळलं, शाल घातली. शालींच्या त्या ढिगातून तो हसला आणि म्हणाला, "थँक यू, दीदी."

तिथंच खाली उतरायला हवं होतं.

पण माइक हातात आला. मी मोरीची गोष्ट सांगितली. लोक हसले. मग चादरींची सांगितली. टाळ्या. मग मी बेसिलची नक्कल केली, "व्हेअर इज द वन?" आणि अख्खा हॉल उभा राहिला. जन्मात माझ्यासाठी कोणी उभं राहिलं नव्हतं. मुक्ता खालून हाताने खूण करत होती. मला वाटलं, पोरगी कौतुकाने हात हलवतेय. मी पोटातल्या लाथांचीही गोष्ट सांगितली. मग हॉलचा केअरटेकर कोपऱ्यात येऊन उभा राहिलेला दिसला. त्याच्या मागे डेकोरेटरची माणसं होती, बांबू आणि झेंडूची पोती घेऊन. दुसऱ्या दिवशी तिथं लग्न होतं आणि हॉल आठला सोडायचा होता.

मी माइक ठेवला तेव्हा आठ वाजून गेले होते.

तपनदा हात जोडून केअरटेकरच्या मागे लागले. एक गाणं, फक्त एक. तो बरा माणूस होता, त्याने मान हलवली. बेसिलने शाली एकेक करून खुर्चीवर टाकल्या. बारीक झालाय, पण माइकशी गेला आणि ताठ झाला. मुलांकडे वळून चुटक्या वाजवत मोजलं आणि लाँचचं गाणं सुरू झालं.

मी भिंतीच्या या बाजूने ते कधी ऐकलंच नव्हतं. बेस गिटार कानात नाही, बरगड्यांत वाजते. सहाही मुलं पहिल्या ठोक्यावर अशी एकत्र पडत होती की खुर्च्या हलत होत्या. बेसिलचा आवाज फाटका झालाय, पण नेमका. त्या चष्मेवाल्या मुलीने भोंगा वाजवला. पुढे ती जागा आली, जिथं तो नेहमी थांबवायचा. थांबवलं नाही. गाणं पुढे गेलं. पन्नास वर्षांत न ऐकलेल्या ठिकाणी मी पोचले होते. मुक्ताचा हात मी घट्ट धरला.

आणि माइक बंद झाला. गिटारही बंद. मंचावरचे दिवे गेले. डेकोरेटरच्या माणसांनी आपली लाइन जोडायला मेन स्विच खाली केला होता. ड्रमवाला मुलगा अंधारात थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला, मग तोही थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय करणार?

मुलांची दुसऱ्या दिवशी पहाटेची विमानं होती. आमची गाडी रात्रीची. म्हणून सकाळी मुक्ता आणि मी खजुरीच्या नव्या गुळाची मिठाई, नोलेन गुडाचे संदेश, घेऊन डमडमला बेसिलच्या घरी गेलो. हे संदेश फक्त थंडीतच मिळतात, घ्याच. बेहाला ते डमडम म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं, टॅक्सीने फार वेळ जातो, मेट्रो बरी.

त्याच्या मुलीने दार उघडलं. बेसिल खिडकीशी बसला होता, स्वेटरमध्ये. मला बघून खुलला.

"दीदी! आपका स्पीच बहुत अच्छा था."

मी संदेशाचा डबा पुढे केला. मग विचारलं, ते गाणं संपायचं कसं?

"रोज वेगळं," तो हिंदीत म्हणाला. "मी हात वर करायचो. सगळे माझ्याकडे बघत वाजवत राहायचे. हात खाली आला की खलास. कधी लगेच, कधी मी त्यांना फार वेळ लटकवत ठेवायचो. म्हणून रेकॉर्डवर ते घेता आलं नाही."

"आणि काल?"

"काल?" त्याने संदेशाचा तुकडा तसाच बशीत ठेवला. "काल मुलं माझ्याकडे बघत होती. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी तसं बघत होतं. मी हात उचलणारच होतो."

मग मला दाखवायला म्हणून त्याने टेबलावर ताल धरला. मीही धरला, मुक्तानेही. त्याने हात वर केला, बराच वेळ तसाच ठेवला आणि खाली आणला. आम्ही दोघी थांबलो. पण दोन बायकांनी टेबल वाजवायचं थांबवलं, याला काय गाणं संपणं म्हणतात?

भुसावळला येऊन आता दोन महिने झाले. शेजारणी विचारतात, कसा झाला कार्यक्रम? मी त्यांना कचोऱ्यांचं सांगते, लाँचचं सांगते. तुम्हीही जरूर जा, डिसेंबर-जानेवारीत जा. आणि कोणी गाणारा माणूस समोर बसलेला असताना तुमच्या हातात माइक दिला, तर नमस्कार करा आणि खाली उतरा. नारळ नंतर देता येतो.

परवा तपनदांचा फोन आला. मुक्ताने स्पीकरवर लावला. म्हणाले, माझ्या भाषणाचा व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला, बेसिलच्या गाण्यापेक्षा जास्त. पुढच्या थंडीत पुन्हा मेळावा करायचाय. पण डॉक्टरांनी बेसिलदाला गायला बंदी केलीय, घशाचं काहीतरी आहे. ते नुसते बसतील. मुलांनाही सुट्ट्या मिळायच्या नाहीत.

"म्हणून आम्ही ठरवलं, माशीमा, की या वेळी तुम्ही अर्धा तास बोला. आरामात. वेळेची काही चिंता नाही."

मुक्ता माझ्याकडे बघत होती. तपनदा तिकडून हॅलो, हॅलो म्हणत राहिले.